कॅमेरा डोक्याच्या वर: रॉबर्ट कापाचा आवाज ऐकण्याआधीचा आणि नंतरचा एक फोटो

20 ऑक्टोबर 1947 रोजी न्यूयॉर्कच्या एनबीसी रेडिओवर 'हाय! जिंक्स' या सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात युद्ध-छायाचित्रकार रॉबर्ट कापा पाहुणा म्हणून आला होता. जिंक्स फॉकनबर्ग आणि टेक्स मॅक्रेरी हे जोडपं तो कार्यक्रम चालवत असे. कापाला 34 वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. युद्धाच्या आठवणींचं त्याचं पुस्तक नुकतंच बाजारात आलं होतं, आणि त्याच वर्षी त्याने आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सेमूर आणि जॉर्ज रॉजर यांच्याबरोबर 'मॅग्नम' ही छायाचित्रकारांच्या स्वतःच्या मालकीची संस्था उभी केली होती. गप्पांच्या ओघात त्याच्या सर्वांत गाजलेल्या फोटोचा, स्पेनच्या यादवीतल्या कोसळणाऱ्या सैनिकाचा, विषय निघाला, आणि तो कसा मिळाला ते त्याने सांगून टाकलं. पुढे 25 मे 1954 रोजी व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून कापा गेला.

त्याचे फोटो जगभर फिरत राहिले. आवाज मात्र कुणाकडेच उरला नव्हता. 2013 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण समोर आलं आणि न्यूयॉर्कच्या 'इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी'ने ते सगळ्यांना ऐकायला खुलं केलं. ही संस्था कापाच्या धाकट्या भावाने, कॉर्नेल कापाने, 1974 मध्ये काढलेली, आणि कापाच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह तिथेच आहे. संग्रह सांभाळणाऱ्यांनाही तोवर त्याचा आवाज ऐकायला मिळालेला नव्हता.

छायाचित्रकाराचं बोलणं ऐकल्याने त्याच्या प्रदर्शनाचा आस्वाद कसा बदलतो, हे तपासायला मला हे प्रकरण सर्वांत योग्य वाटतं. कारण साधं आहे. एरवी आपण प्रदर्शन आणि छायाचित्रकाराचं भाषण एकाच संध्याकाळी अनुभवतो. दालनातून फिरून खुर्चीवर बसतो, तो तासभर बोलतो, आपण भारावून पुन्हा दालनात जातो. मग आपल्याला जे जाणवलं त्यातलं किती भिंतीवरून आलं आणि किती कानांतून, हे वेगळं करणं जवळजवळ अशक्य होतं. कापाच्या बाबतीत मात्र फोटो आणि आवाज यांच्यात 77 वर्षांचं अंतर पडलं. आवाजाशिवाय लोकांनी त्या फोटोत काय पाहिलं याची लेखी नोंद आहे. आवाज आल्यावर काय बदललं, ते आपल्यापैकी कुणीही आज करून बघू शकतो.

आवाज नसताना

फोटो 1936 च्या सप्टेंबरातला. स्पेनमध्ये यादवी पेटून दोन महिनेही झालेले नव्हते. कोर्दोबा शहराच्या आसपासच्या भागात कापा आणि त्याची जोडीदार गेर्डा टारो प्रजासत्ताकाच्या बाजूच्या स्वयंसेवक सैनिकांबरोबर फिरत होते. कापा तेव्हा 22 वर्षांचा होता.

चौकटीत डावीकडे एक माणूस मागे कोसळतो आहे. फिकट रंगाचा शर्ट, छातीवरून गेलेले पट्टे, कमरेला काडतुसांच्या चामडी पिशव्या. लांब फेकल्या गेलेल्या हातातून रायफल सुटते आहे. पायाखाली कापणी झालेल्या शेताची धसकटं आणि उतरती जमीन. बाकी सगळं आभाळ, आणि खूप दूर खाली डोंगरांची धूसर रेघ. चित्र किंचित हललेलं आहे. चौकटीत दुसरा माणूस नाही, शत्रू नाही, धूर नाही.

हा फोटो पहिल्यांदा 23 सप्टेंबर 1936 रोजी 'व्ह्यू' या फ्रेंच साप्ताहिकात आला. तिथे तो एकटा नव्हता. त्याच पानावर त्याच्या जोडीला आणखी एक फोटो होता: त्याच उतारावर, जवळजवळ त्याच जागी, तशाच ढगांखाली कोसळणारा दुसरा सैनिक. पुढे हा दुसरा माणूस लोकांच्या आठवणीतून पार पुसला गेला. 12 जुलै 1937 च्या 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकात फक्त पहिला आला, आणि खालची फोटोओळ सांगत होती की कोर्दोबासमोर डोक्यात गोळी लागून सैनिक पडतो आहे तो क्षण कॅमेऱ्याने टिपला आहे. समोरच्या पानावर पुरुषांच्या केसांना लावायच्या 'व्हायटॅलिस'ची पानभर जाहिरात होती.

फोटोओळीत 'डोक्यात गोळी' आल्यावर काय झालं ते बघण्यासारखं आहे. सैनिकाच्या टोपीला गोंडा होता. डोक्याच्या वर दिसणारा तो गोंडा म्हणजे उडालेला कवटीचा तुकडा, असा अर्थ काही बघणाऱ्यांनी काढला. शब्दांनी डोळ्यांना जे सांगितलं ते डोळ्यांनी शोधून काढलं. म्हणजे फोटो निःशब्द असा कधीच नव्हता. त्याच्याबरोबर कायम कुणाचे तरी शब्द होते. फक्त ते छायाचित्रकाराचे नव्हते, संपादकांचे होते. छायाचित्रकाराला बोलू द्यावं की फोटोलाच बोलू द्यावं, हा वाद आपण हिरिरीने घालतो. पण फोटोला एकट्याने बोलू दिलं असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपण फोटोओळ लिहिणाऱ्याला बोलू दिलेलं असतं.

दशकानुदशकं हा फोटो शौर्याचा, हौतात्म्याचा, फॅसिझमविरोधी लढ्याचा म्हणून पाहिला गेला. छायाचित्रकाराबद्दल लोकांनी गृहीत धरलं ते असं: मृत्यूच्या समोर उभा राहून, डोळा न लववता, नेमक्या क्षणी बटण दाबणारा माणूस. 1975 मध्ये युद्ध-पत्रकारितेचा इतिहास लिहिणाऱ्या फिलिप नाइटलीने फोटो खरा आहे का असा प्रश्न जाहीरपणे विचारला, आणि भक्त आणि संशयी असे दोन तट पडले. दोन्ही तटांचं एका गोष्टीवर एकमत होतं: फोटो घेणाऱ्याने काय घडतंय ते पाहिलं होतं. एक म्हणायचा त्याने मृत्यू पाहिला, दुसरा म्हणायचा त्याने नाटक पाहिलं.

रेडिओवरची गोष्ट

आणि मग 2013 मध्ये तो आवाज आला. हंगेरियन वळणाची इंग्रजी. कापा पाच-सहा भाषांची सरमिसळ करून बोलायचा आणि मित्र त्या भाषेला 'कापानीज' म्हणायचे, हे आधीही वाचलेलं होतं, पण कानावर पडणं वेगळं. सूर गप्पिष्ट माणसाचा. व्यासपीठावरून बोलणारा गंभीर कलावंत त्यात कुठे सापडत नाही.

तो जे सांगतो त्याचा सारांश असा. तो एका खंदकात होता. बरोबर वीसेक स्वयंसेवक सैनिक, हातात जुन्या रायफली. समोर मशीनगन. ते ओरडत खंदकाबाहेर उड्या घ्यायचे, मशीनगन त्यांना खाली पाडायची, उरलेले परत यायचे. असं तीन-चार वेळा झालं. शेवटच्या वेळी त्याने कॅमेरा डोक्याच्या वर धरला आणि न बघताच बटण दाबलं. फिल्म त्याने तिथे धुतली नाही, बाकीच्या रोलांबरोबर पाठवून दिली. तो स्पेनमध्येच राहिला, आणि परतला तेव्हा त्याला कळलं की आपण फार प्रसिद्ध झालो आहोत. कदाचित हा माझा सर्वांत चांगला फोटो असेल, असं तो म्हणतो, आणि चौकटीत मी तो कधी पाहिलाच नाही, हेही सांगून टाकतो. त्याच ओघात तो आणखी एक गोष्ट बोलतो, जी मला सगळ्या मुलाखतीत सर्वांत मोलाची वाटते: बक्षीसपात्र फोटो संपादकांच्या आणि बघणाऱ्यांच्या कल्पनेत जन्म घेतो.

हे ऐकून फोटोकडे पुन्हा बघा. मी बघितलं तेव्हा जे बदललं ते क्रमाने सांगतो.

पहिलं म्हणजे माझं लक्ष सैनिकावरून उठलं. आधी चौकटीत एकच देह होता. आता दोन झाले, आणि दुसरा चौकटीच्या बाहेर, खाली, मातीला चिकटून बसलेला होता. त्याचे दोन्ही हात वर आहेत, मान खाली आहे. फोटोचा कोन, जो आधी मला निव्वळ रचनेचा भाग वाटला होता, तो आता एका शरीराची उंची झाला. एवढं मोठं आभाळ चौकटीत का आलं, क्षितिज का कललं, चित्र का हललं, या सगळ्याला एकदम एक कारण मिळालं. ते कारण भीतीचं होतं, आणि मानवी होतं.

दुसरं, फोटोची नैतिक जात बदलली. मरणाऱ्या माणसाकडे टक लावून बघणारा छायाचित्रकार म्हटलं की मनात एक अढी असते. हा बघतच नव्हता म्हटल्यावर ती अढी सुटते. आपण त्याला माफ करतो. नुसतं माफ करत नाही, तो आवडू लागतो, कारण इतका मोठा फोटो आपल्या हातून नकळत झाला असं सांगणारा माणूस कुणालाही आवडेल.

तिसरा बदल अवघड आहे, आणि छायाचित्रकारांची भाषणं ऐकायला जाणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःत ओळखावा असं मला कळकळीने वाटतं. गोष्ट ऐकल्यानंतर मला फोटो अधिक चांगला 'दिसू' लागला असं वाटलं, पण खरं तर मी कमी बघत होतो. गोष्ट इतकी पूर्ण होती की डोळ्यांना काम उरलं नव्हतं. खंदक फोटोत नाही, तरी मला दिसत होता. मशीनगन नाही, तरी ऐकू येत होती. गोंडा बघून कवटीचा तुकडा पाहणाऱ्यांपेक्षा मी फार वेगळं काही करत नव्हतो.

म्हणून मी तिसऱ्यांदा बघायला बसलो, यावेळी ती गोष्ट फोटोच्या शेजारी ठेवून, ताडून बघायला. आणि तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली, जी ऐकण्याआधी कधीच आली नसती. सैनिक खंदकातून बाहेर पडून पुढे धावत असेल आणि कापा त्याच खंदकात खाली असेल, तर आपल्याला त्याची पाठ दिसायला हवी. फोटोत छाती दिसते. काडतुसांच्या पिशव्या समोरून दिसतात. कॅमेरा त्याच्या पुढे आणि थोडा बाजूला आहे. खंदक वळणाचा असेल, सैनिक वळला असेल, अशी स्पष्टीकरणं देता येतात. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न पडला, आणि तो कापाच्या बोलण्यामुळे पडला. त्याने कॅमेरा कुठे धरला होता हे सांगितलं नसतं, तर कॅमेरा कुठे होता हे मी शोधलंच नसतं.

त्याच माणसाच्या दुसऱ्या गोष्टी

कापाने ही हकीकत एकदाच सांगितलेली नाही. 1937 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड-टेलिग्राम' या वृत्तपत्रात त्याच्या भेटीवर आधारित मजकूर आला होता. त्यात वीस सैनिक नाहीत. तिथे कापा आणि एकच सैनिक असे दोघेच अडकून पडले आहेत. सैनिक उतावीळ झाला आहे, त्याला आपल्या लोकांकडे परत जायचं आहे, तो पुनःपुन्हा डोकावतो आणि मशीनगनच्या आवाजाने खाली बसतो. शेवटी तो बाहेर पडतो, त्याच्यामागे कापा. गोळ्या सुटतात, कापा आपोआप बटण दाबतो आणि सोबत्याच्या प्रेताशेजारी पडून राहतो. दोन तासांनी, अंधार झाल्यावर, तो सरपटत निघून जातो.

तिसरी हकीकत 'लाइफ'ची छायाचित्रकार हान्सेल मीटकडून आली. कापाचा चरित्रकार रिचर्ड व्हेलन याला तिने 1982 मध्ये पत्र लिहून, कापाने फार पूर्वी तिला खासगीत काय सांगितलं ते कळवलं. त्या सांगण्यात हल्ला नाहीच. सगळे खुशीत होते, थोडे वेडावलेले, उतारावरून धावत होते, कापाही धावत फोटो काढत होता. हल्ल्याचं नाटक करायला तू सांगितलंस का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने ते साफ नाकारलं. आणि मग अचानक ते खरं झालं, गोळीबाराचा आवाज सुरुवातीला आपल्याला ऐकूच आला नाही, असं तो म्हणाला. तू कुठे होतास? त्यांच्या थोडा पुढे, बाजूला.

पुढे, बाजूला. म्हणजे फोटोतल्या कोनाशी सर्वांत जास्त जुळणारी गोष्ट ही तिसरी आहे, जी त्याने माइकसमोर कधी सांगितली नाही. मीटच्या पत्रानुसार हे सांगताना तो अस्वस्थ होता. पण हे एका मैत्रिणीने बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे, एवढं भान ठेवून ते वाचावं लागतं.

तीन हकीकती, तिन्हींत कापाचं शरीर वेगळ्या जागी: सैनिकाच्या मागे, खंदकात खाली, उतारावर पुढे. आणि गंमत वाटेल, पण तिन्हींत एक धागा सारखा आहे. प्रत्येक वेळी बटण विचाराआधी दाबलं जातं. आपोआप, न बघता, आवाज ऐकू येण्याआधी. हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. कदाचित तेवढंच त्याला खरोखर आठवत होतं. किंवा कदाचित तीच त्याची ढाल होती, कारण मी पाहिलंच नाही असं सांगणाऱ्या माणसाला 'काय पाहिलंस?' असं पुढे विचारता येत नाही. रेडिओवर तसं कुणी विचारलंही नाही.

डोंगर

हा सगळा वाद शब्दांवर शब्द रचत चालला असता, पण निकाल लावायला पुढे आले ते फोटोतले डोंगर.

2007 च्या सप्टेंबरात 'इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी'त 'धिस इज वॉर!' हे कापाचं प्रदर्शन सुरू झालं. त्याच वेळी तिथे गेर्डा टारोचं पहिलं मोठं प्रदर्शनही मांडलं होतं. कापाच्या प्रदर्शनाची आखणी व्हेलनने केली होती, पण उद्घाटनाच्या काही महिने आधीच त्याचं निधन झालं. या प्रदर्शनाने एक मोलाची गोष्ट केली: कोसळणारा सैनिक एकटा टांगला नाही. त्या दिवसाचे बाकीचे फोटोही मांडले. खंदकावरून उडी मारणारे सैनिक, कडेला झोपून नेम धरणारे, रायफली उंचावून ओळीने उभे राहिलेले हसरे चेहरे, आणि त्या ओळीत डाव्या टोकाला तोच, पुढे कोसळणारा, माणूस. मूळ निगेटिव्ह हरवलेली आहे, त्यामुळे कोणता फोटो आधीचा आणि कोणता नंतरचा हे नक्की सांगता येत नाही. 2007 मध्येच मेक्सिकोहून मिळालेल्या, स्पेनच्या युद्धातल्या हजारो निगेटिव्ह असलेल्या पेट्यांतही ती निघाली नाही.

हे प्रदर्शन पुढे लंडनला गेलं, मग 2009 च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला. तिथल्या भिंतींवर ते असतानाच वृत्तपत्रांतून बातमी झळकली. बास्क प्रांतातल्या विद्यापीठात शिकवणारे होसे मान्वेल सुस्पेर्रेगी यांनी मालिकेतल्या इतर फोटोंतली दूरची डोंगररेघ घेतली, कोर्दोबाच्या आसपासच्या गावांतल्या लोकांना ती दाखवली, आणि जागा ओळखली गेली: एस्पेहो नावाचं गाव. फोटो कोर्दोबाजवळच्या सेरो मुरियानो या गावचा, 5 सप्टेंबरचा, असं तोवर मानलं जात होतं. एस्पेहो तिथून सुमारे 50 किलोमीटरवर आहे, आणि सप्टेंबरच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे लढाई चालू नव्हती.

त्याआधी, 1990 च्या दशकात, सैनिकाला नावही देण्यात आलं होतं: फेदेरिको बोरेल गार्सिया, सेरो मुरियानोला 5 सप्टेंबरला पडलेला. जागाच बदलल्यावर ते नाव टिकणं कठीण झालं. शिवाय बोरेल झाडाआडून गोळ्या झाडताना मारला गेला असं 1937 च्या एका लेखात सापडलं. फोटोतल्या उतारावर तर झाडाचा मागमूस नाही. उलट बाजूने, व्हेलनने मेम्फिसच्या पोलीस दलातल्या, खुनांचा तपास करणाऱ्या एका अधिकाऱ्याला फोटो दाखवला होता. त्याने सैनिकाच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. बोटं आत वळलेली, हात ढिला. घसरणारा किंवा पडण्याचं सोंग करणारा माणूस स्वतःला सावरायला तळवा उघडतो, हा हात सावरत नाही, असं त्याचं म्हणणं. कापाचा शब्दही न ऐकता केलेलं हे वाचन आहे, आणि माझ्या मते फोटोच्या बाजूने मांडलेला सर्वांत गंभीर मुद्दाही हाच आहे.

माझा स्वतःचा कौल सांगतो. जागा एस्पेहोची आहे हे मला पटतं. मशीनगनसमोर चार वेळा धडक देणारे वीस सैनिक तिथे नव्हते, हेही पटतं. माणूस मेला की नाही, यावर हाताची बोटं आणि दुसरा कोसळणारा सैनिक मला दोन दिशांना ओढतात. तोल दुसऱ्या सैनिकाकडे अधिक झुकतो. एकाच जागी, काही क्षणांच्या अंतराने, दोन माणसं गोळी लागून पडली असतील तर एका चित्रात दुसऱ्याचा देह दिसायला हवा होता. तो दिसत नाही.

मग त्या आवाजाचं काय करायचं?

इथे एक सोपी वाट आहे: कापाची गोष्ट खोटी निघाली, तेव्हा छायाचित्रकारांची भाषणं ऐकूच नयेत, फोटो बघावा आणि गप्प बसावं. मला ही वाट मान्य नाही.

त्या मुलाखतीने माझं फोटो बघणं समृद्धच झालं. मात्र ज्या कारणाने होईल असं वाटलं होतं त्या कारणाने नाही. कापाने मला घटना सांगितली म्हणून नव्हे. त्याने मला एक ठाम, तपासता येण्याजोगं विधान दिलं: कॅमेरा इथे होता, एवढ्या उंचीवर, आणि माझे डोळे त्याच्यामागे नव्हते. ते विधान हातात घेऊन मी चौकटीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात गेलो. उतार, सावली, छाती, डोंगर. छायाचित्रकाराचं बोलणं बघणाऱ्याला देऊ शकतं ती सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे असं मी मानतो. 'मला एकटेपणा दाखवायचा होता' हे वाक्य फोटोला लावून बघता येत नाही, कारण ते कुठल्याही फोटोला लागतं. 'मी गुडघ्यावर बसलो होतो', 'याआधीच्या फ्रेममध्ये आणखी एक माणूस होता', 'ही प्रिंट मी इथे गडद केली' ही वाक्यं लावून बघता येतात. भाषण ऐकताना मी आता अशीच वाक्यं वहीत टिपतो, आणि भावनेची वाक्यं ऐकून सोडून देतो.

आणि आवाजाने दुसरंही काही दिलं, ज्याला तपासाची कसोटी लागू नाही. 22 वर्षांच्या, पोटासाठी फोटो विकणाऱ्या, देश सोडून आलेल्या एका पोराच्या हातून एक फोटो निघाला आणि त्याने त्याला जन्मभराची ओळख देऊन टाकली. मूळचा तो एंद्रे फ्रीडमन. 'रॉबर्ट कापा' हे नाव त्याने आणि टारोने मिळून उभं केलेलं. 1937 च्या जुलैत ब्रुनेतेच्या लढाईत टारो मारली गेली. रेडिओवर बोलत होता तो माणूस त्यानंतर दुसरं महायुद्ध, नॉर्मंडीचा किनारा पाहून आलेला होता. आपला सर्वोत्तम फोटो आपण पाहिलाच नाही, असं त्याने म्हणणं हे घटनेबद्दल कदाचित खोटं असेल. स्वतःबद्दल ते खोटं आहे असं मला म्हणवत नाही. बक्षीसपात्र फोटो बघणाऱ्यांच्या कल्पनेत जन्मतो हे त्याने स्वतःच, कुणी जाहीर आरोप करण्याआधी जवळजवळ तीन दशकं, जाहीरपणे सांगितलं होतं. ते कबुलीच्या इतकं जवळचं वाक्य आहे की ते ऐकल्यापासून मला कापाविषयी राग धरता आलेला नाही.

प्रदर्शन मांडणाऱ्यांसाठी या प्रकरणातून एक व्यावहारिक मागणी निघते, आणि ती मी आग्रहाने मांडतो. हे ध्वनिमुद्रण दालनात ठेवायचं असेल तर त्याचा हेडफोन फोटोच्या शेजारी नको. तिथे तो ठेवला की माणूस ऐकत ऐकत बघतो, आणि डोळे कानांच्या मागून चालतात. आधी ती सगळी मालिका असावी, दुसऱ्या कोसळणाऱ्या सैनिकासकट, कमीत कमी शब्दांत. मग पुढच्या खोलीत आवाज. त्याच्या शेजारी 1937 चा वृत्तपत्रातला मजकूर आणि मीटच्या पत्रातला उतारा, तिन्ही सारख्या आकाराच्या अक्षरांत, कोणतंही खरं-खोटं न ठरवता. आणि बाहेरचा रस्ता पुन्हा पहिल्या खोलीतूनच जावा. सुस्पेर्रेगींच्या डोंगरांची तुलना तिथे, परतीच्या वाटेवर लावावी. बघणाऱ्याला निकाल आधी दिला तर तो फोटोसमोर उभाच राहत नाही.

हयात छायाचित्रकाराच्या कार्यक्रमात तर याहून सोपं आहे. भाषण संपल्यावर प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा बहुतेक प्रश्न प्रेरणेचे असतात, कॅमेऱ्याच्या मॉडेलचे असतात. त्याऐवजी, समोरच्या भिंतीवरच्या फोटोची आधीची आणि नंतरची फ्रेम दाखवाल का, एवढं विचारावं. कॉन्टॅक्ट शीट (एका रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात छापलेला कागद) किंवा फोल्डर उघडायला बरेच जण खुशीने तयार होतात, आणि तिथून पुढचं बोलणं वेगळंच होतं. कापाला 1947 मध्ये 'व्ह्यू'चं ते पान समोर धरून दुसऱ्या सैनिकाबद्दल विचारता आलं असतं. पान तेव्हा अकरा वर्षांचं जुनं होतं, आणि तो बोलायच्या मनःस्थितीत होता.